सात दिवस माझे, सात दिवस त्याचे

पोटाच्या आजारात मी एक चूक केली. ती डॉक्टरांची नव्हती, औषधांचीही नव्हती. माझ्या वयाच्या आणि माझ्या स्वभावाच्या दुसऱ्या कोणाकडून ती होऊ शकते, म्हणून लिहून ठेवतो. औषधांची शास्त्रीय माहिती मला नाही, त्यामुळे ती येथे मिळणार नाही. कोणाला काय द्यावे हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे.

मी बहात्तर वर्षांचा आहे. चौतीस वर्षे सरकारी मोजणीखात्यात भूकरमापक होतो. धरणगावापासून शिरपूरपर्यंत शेतांच्या हद्दी मोजल्या. निवृत्तीनंतर पत्नी कमल आणि मी जळगावला राहतो. धाकटा भाऊ रमण धुळ्याला असतो. त्याचे शेती अवजारांचे दुकान आता त्याचा मुलगा पाहतो. रमण माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. या लेखात माझ्या पोटाइतकेच त्याला महत्त्व आहे.

आधी त्याला झाले

जेवणानंतर छातीखाली जळजळ होणे, पहाटे पोट कुरतडल्यासारखे वाटणे, हा त्रास मला दोन वर्षांपासून होता. मी तो कोणाला सांगितला नाही. औषधाच्या दुकानातून गुलाबी पातळ औषध आणून घेत असे.

रमणला तसाच त्रास दोन महिने झाला आणि साऱ्या नातेवाइकांना कळला. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याच्या पोटात दुर्बीण घातली. जठरात लहानसा व्रण निघाला आणि एक जंतू निघाला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी जो फोन येई, तो त्याच्या पोटाची चौकशी करणारा असे. चाळीसगावहून कमलच्या बहिणीने विचारले. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी विचारले. मी सर्वांना उत्तरे दिली. माझे पोट त्या वेळी जळत होते.

कमलने एकदा म्हटले, "तुम्हीही दाखवून घ्या की."

मी गेलो. आजाराची भीती हे त्याचे खरे कारण नव्हते. त्याला जे झाले आहे ते माझ्याकडे त्याच्या आधीपासून आहे, हे कागदावर यावे असे मला वाटत होते. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

निदानाचा दिवस

जळगावच्या ज्या दवाखान्यात मी गेलो, तेथील डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मला काका म्हणत. उपाशीपोटी बोलावले होते. घशात कडू फवारा मारला, घसा लाकडासारखा झाला, तोंडात प्लास्टिकची कडी बसवली आणि कुशीवर झोपवले. नळी आत जाताना माणसाला आपण बुडतो आहोत असे वाटते. एका परिचारिकेने तेवढा वेळ माझा अंगठा धरून ठेवला. हात धरला असता तर मी सोडवून घेतला असता. अंगठा राहू दिला. तिचे नाव मी विचारले नाही, याची आता खंत आहे.

दोन दिवसांनी अहवाल आला. माझ्या जठराला सूज होती, व्रण नव्हता. जंतू मात्र तोच होता. एच. पायलोरी असे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले.

"हा आला कुठून?" मी विचारले.

"बहुतेक लहानपणीच आला असेल, काका. एका ताटात जेवणारी भावंडं, एकच पेला. बऱ्याच घरांत दोघातिघांना सोबतच असतो. कुणाला त्रास देतो, कुणाला जन्मभर देत नाही."

आम्ही दोघे भाऊ बरीच वर्षे एका ताटात जेवलो. ताटाचा भरलेला भाग रमणच्या बाजूला असे. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला आई उपड्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे करी. पहिला मांडा, ज्याला सर्वांत जास्त तूप लागे, तो धाकटा म्हणून रमणच्या पानात पडे. दुसरा माझ्या. दुसराही तितकाच गोड असतो, असे मला सांगितले जाई. त्या ताटातून समान वाटणीने मिळालेली एकमेव वस्तू म्हणजे हा जंतू असावा.

"व्रण नाही, हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. घरी येताना मी कमलला सांगितले की रमणला व्रण आहे आणि मला नाही. ती म्हणाली, "ऐकलं मी. दोनदा सांगितलंत."

दोन संच

रमणला जे औषध मिळाले ते एका सुबक खोक्यात होते. प्रत्येक दिवसाचे एक पाकीट, पाकिटावर सूर्य आणि चंद्र छापलेला. सकाळच्या गोळ्या सूर्याखाली, रात्रीच्या चंद्राखाली. जाहिरातीत शोभेल अशा त्या पाकिटाचा फोटो त्याने फोनवर काढून मला पाठवला.

मला मिळाली चार निरनिराळी औषधे. त्यांतील तीन जुनी, माझ्या नोकरीच्या काळापासून नावे ऐकलेली. दिवसातून चार वेळा घ्यायची, चौदा दिवस. एक जेवणाआधी, बाकीची जेवणानंतर. त्यातील एका गोळीच्या आगेमागे दूध, दही, ताक काही चालणार नव्हते. कमलने तिचा मिसळणाचा डबा रिकामा केला आणि त्यातील चार वाट्यांत चार औषधे ठेवली. डबा तिने दोनदा घासला होता, तरी गोळ्यांना हळदीचा वास लागला. दुधाच्या चहाऐवजी ती मला कोरा चहा देऊ लागली आणि स्वतःही कोरा पिऊ लागली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "एका भांड्यात होतो."

मी डॉक्टरांना विचारले होते, "माझ्या भावाला नवीन औषध मिळालं. मला जुनं का?"

"जुनं म्हणजे कमी नाही, काका. त्या पाकिटातलं एक औषध आपल्याकडे खोकल्यापासून सगळ्याला दिलं जातं. जंतू त्याला सरावतो. मला खात्री हवी आहे. हा संच त्रास देईल, पण पूर्ण करा. आणि यातल्या एका गोळीनं जीभ काळी होईल, शौचही काळं होईल. घाबरू नका. ही गोळी चालू नसताना शौच तसं झालं, तर मात्र त्याच दिवशी या. ते रक्त असू शकतं."

मी ऐकले. पटले असे म्हणता येणार नाही. रमणला सूर्य आणि चंद्र मिळाले होते, मला हळदीचा डबा. मला त्यात जुनीच पद्धत दिसली.

पुढचे दिवस डॉक्टरांनी सांगितले तसेच गेले. तोंडात सतत लोखंड चोखल्यासारखी चव. मळमळ. अन्न समोर आले की मान वळे. चौथ्या दिवशी आरशात जीभ पाहिली, ती डांबरासारखी होती. कमलशी मी दोनदा विनाकारण तोडून बोललो. तिसऱ्या वेळी म्हणाली, "गोळीचं मला सांगू नका, गोळीला सांगा."

भरीत

सातव्या दिवशी रमण जळगावला आला. मार्गशीर्ष होता. आमच्याकडे त्या दिवसांत पाहुणा आला की भरीत होते. हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, हिरव्या मिरचीबरोबर कुटलेली, वर कच्चे तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. शेजाऱ्यांच्या अंगणात काड्या पेटल्या होत्या आणि वास माझ्या खोलीपर्यंत येत होता.

रमणच्या पानात भरीत. माझ्या पानात मऊ भात आणि मुगाचे पाणी.

आम्ही भाऊ आपसांत अहिराणीच बोलतो. तो म्हणाला, "नाना, जीभ दाखाड बरं."

मी दाखवली नाही. कमलने सांगितले, "काळी झाली आहे. शाई प्यायल्यासारखी."

"नाना पयलेपासूनच अभ्यासू शे," तो म्हणाला. "आते पोटमा बी शाई."

कमल हसली. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली होती. तेही मला सहन झाले नाही.

त्याने चौथी पुरी घेतली. मी विचारले, "तुले मिरची चालस?"

"बठ्ठं चालस. सात दिनमा पोट साफ व्हई गयं." असे म्हणून त्याने पिशवीतून ते खोके काढले आणि माझ्यासमोर ठेवले. "या उरेल शेतस. तू ले. तुना डाक्टरनी तुले जुन्या गोया दिन्यात."

आत सात पाकिटे शिल्लक होती. सात सूर्य, सात चंद्र.

"चौदा दिन सांगेल व्हतात ना?" मी म्हणालो.

"चौदा डाक्टरनी सांगं. सात मना पोटनी सांगं."

अर्धवट सोडलेल्या कामाला मी आयुष्यभर सही केली नाही. त्याला त्या क्षणी रागवायला हवे होते. मी त्याच्या पानाकडे पाहत राहिलो. त्याचा चेहरा भरला होता, जीभ गुलाबी होती, तो खात होता. तो अर्ध्यातच बरा झाला होता आणि मी पूर्ण करत असूनही मला बरे वाटत नव्हते. मी ते खोके उचलून माझ्या कपाटात ठेवले.

बेरीज

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी माझी औषधे बंद केली आणि त्याची सुरू केली. सात दिवस माझे, सात दिवस त्याचे. चौदा. बेरीज बरोबर होती.

अर्धे शेत एका साखळीने आणि उरलेले दुसऱ्या साखळीने मोजून कोणी बेरीज आणली असती, तर तो कागद मी परतसुद्धा केला नसता, सरळ फाडला असता. पोटाच्या बाबतीत मी ती बेरीज स्वतः मांडली आणि मान्य केली.

डब्यातील गोळ्या रोज ठरल्या संख्येने कमी व्हाव्यात म्हणून मी त्या काढून जुन्या नकाशांच्या नळकांड्यात टाकत असे. रिकामी पाकिटे केरात, भाजीच्या देठांखाली. मळमळ कमी झाली. जीभ पुन्हा माणसाची झाली. कमल म्हणाली, "आता चेहरा बरा दिसतो." मी म्हणालो, "औषध लागू पडलं." कोणते, ते सांगितले नाही.

तिने दुधाचा चहा पुन्हा सुरू करू का असे विचारले. मी नको म्हणालो, कारण तिच्या हिशेबाने ती जुनी गोळी अजून चालू होती. सात दिवस तीही माझ्यासोबत कोरा चहा पीत राहिली. या साऱ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, तर त्या चहाची.

तपासणी

औषध संपल्यावर चार आठवडे थांबायचे होते. त्यातील शेवटचे दोन आठवडे जेवणाआधीची, आम्ल कमी करणारी गोळीही बंद, नाहीतर तपासणी खोटी निघते. मग श्वासाची तपासणी. एक कॅप्सूल घेऊन बसायचे आणि नंतर नळीतून फुंकायचे. दुर्बिणीपुढे ती काहीच नाही.

जंतू तसाच होता.

डॉक्टरांनी माझी फाईल उघडली. "काका, औषध पूर्ण घेतलं?"

"पूर्ण."

"चौदा दिवस?"

"चौदा दिवस."

"एकही वेळ चुकली नाही?"

"नाही."

प्रत्येक उत्तर आकड्याने खरे होते.

त्यांनी अहवाल फाईलला लावला. "तसं असेल तर हा संच तुमच्यावर चालला नाही असं धरावं लागेल. मग पुढचं औषध वेगळं. ते तुमच्या वयात मी सहज देत नाही. सांधे दुखले, टाचेची शीर ओढली, छातीत धडधडलं, की लगेच बंद करून कळवायचं." त्यांनी लिहायला घेतले. मग मान वर न करता विचारले, "आणि तुमच्या भावाची पुन्हा तपासणी झाली का?"

"तो बरा आहे."

"तपासणी झाली का?"

"नाही."

"त्यांना तर व्रण होता ना? बरं वाटणं वेगळं आणि जंतू जाणं वेगळं. राहिला असेल तर तो व्रण कधीतरी रक्तस्राव करू शकतो. त्यांना सांगा तपासून घ्यायला."

मी हो म्हणालो. घरी आलो. नवीन औषध टेबलावर ठेवले आणि उघडले नाही. रमणला फोनही केला नाही.

मोजणीत सर्वांत आधी मूळ खुणेचा दगड शोधतात. तो चुकला की पुढचे प्रत्येक माप चुकते. माप घेणारा कितीही काळजी घेवो, उपयोग होत नाही. त्या डॉक्टर माझ्या पोटाची मोजणी मी दाखवलेल्या दगडावरून करत होत्या. मी दगड खोटा दाखवला होता. आणि धुळ्यात एक माणूस माझ्या गप्प राहण्यामुळे भरीत खात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. कमलने विचारले, "कुठे?"

"डॉक्टरांकडे. एक सांगायचं राहिलं."

"पाकिटांचं?"

मी थांबलो.

"केर मीच टाकते," ती म्हणाली. "सूर्यचंद्र दिसायचे. म्हटलं, स्वतः सांगतील. थांबा, मीही येते."

डॉक्टरांसमोर

मी उभ्यानेच सांगितले. सात दिवस कोणते औषध, सात दिवस कोणते, आणि ते कोठून आले. नळकांड्यात साठवलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी बसा म्हटले, तेव्हा बसलो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. म्हणाल्या, "म्हणजे काका, तुम्ही दोघांनी मिळून एकाच माणसाचा कोर्स केला. जंतू मात्र दोन पोटांत होते."

कमलने माझ्याकडे पाहिले नाही.

"पण का बदललंत? त्रास होत होता तर मला फोन करायचा."

त्रास हे उत्तर देता आले असते. मी म्हणालो, "त्याला अर्ध्यात गुण आला, याचा मला हेवा वाटला."

त्यांनी ते फाईलमध्ये लिहिले नाही. तीन दिवसांपूर्वीचा कागद मात्र फाडला. ते दुसरे कडक औषध रद्द केले. तोच चार औषधांचा संच, एकाची मात्रा वाढवून, पुन्हा पूर्ण चौदा दिवस. "आधी भावाला सांगून या," म्हणाल्या. "मग सुरू करा."

धुळे

मी प्रथम फोन केला. व्रण, जंतू, तपासणी, सर्व व्यवस्थित सांगितले. रमण ऐकत होता. मग म्हणाला, "नाना, तुले मनं चांगलं कधी सहन व्हयनं नही." आणि फोन ठेवला.

त्याचे चांगले मला सहन होत नाही, हे तो खरे बोलला होता. त्यामुळे माझ्या बाकीच्या खऱ्या बोलण्याचा उपयोग राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. तो दुकानात पेरणीयंत्राच्या नळ्या पाहत उभा होता. मला पाहून त्याने खुर्ची सरकवली आणि तो पुन्हा नळ्यांकडे वळला. त्याची पत्नी सरला आतून पाणी घेऊन आली आणि आमचे चेहरे पाहून तेथेच थांबली. मला ते नको होते. पण तू आत गेल्यावर बोलतो, असे तिला म्हणणेही शोभले नसते.

मी माझा अहवाल त्याच्या हातात दिला. म्हणालो, त्याची सात पाकिटे मी खाल्ली. माझी औषधे टाकून खाल्ली. जंतू गेला नाही. त्याचाही गेला नसेल. मी त्याच्या पाकिटांचा हेवा केला, त्याच्या भरिताचा केला, त्याच्या गुलाबी जिभेचा केला. त्याआधी आईच्या हातच्या पहिल्या मांड्याचाही केला. ते त्याने मनात धरावे किंवा न धरावे, पण तपासणी करावी.

सरलाने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की काय, ते मला कळले नाही.

रमण कागद उलटसुलट करत राहिला. "इतला वरीसनंतर सांगी ऱ्हायना?" तो म्हणाला. "मांडाकरता?"

"मांडाकरता बी."

"आरे, माले तो पयला मांडा कधी आवडना नही. जास्तीच तूप ऱ्हाये. तू मांगता तं दी देतू." मग कागद घडी करून खिशात ठेवला. "चाल मंग. कोठे फुंकनं शे?"

लगेच फुंकता येत नव्हते. जळजळ नसतानाही तो सवयीने आम्लाची गोळी घेत असे, ती आधी दोन आठवडे बंद करावी लागली. त्यानंतर धुळ्याच्या त्याच्याच डॉक्टरांनी तपासणी केली. जंतू होता. मला बातमी कळली तेव्हा मी माझ्या चौदा दिवसांच्या अखेरीस होतो.

ती बातमी ऐकून पहिल्या क्षणी मला समाधान वाटले. जंतू सापडला, वेळेवर सापडला, त्याचे ते समाधान नव्हते. तो माझ्या बरोबरीला आला, याचे होते. दुसऱ्या क्षणी त्याच्या पोटातील व्रण आठवला आणि मी घाबरलो. दोन्ही क्षण मी येथे लिहिले आहेत, कारण दुसराच लिहिला असता तर पहिला खोटा ठरवल्यासारखे झाले असते.

चार वेळा फोन

त्याच्या डॉक्टरांनी या वेळी त्याला सूर्यचंद्र दिले नाहीत. तीच जुनी औषधे दिली, चार वेळा, चौदा दिवस. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, "नाना, तोंडमा लोखंड का येस?" मला त्याचे उत्तर माहीत होते. मी दिले.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला की सोडून द्यावे असे वाटते. त्या दिवसापासून मी त्याला गोळीच्या प्रत्येक वेळी फोन करू लागलो.

"लिधी का?"

"लिधी."

एवढेच बोलणे. दिवसातून चार वेळा. गेल्या कित्येक वर्षांत आम्ही इतके बोललो नव्हतो. एकदा त्याने उत्तर देण्याऐवजी फोटो पाठवला. त्याची जीभ, डांबरासारखी. खाली लिहिले होते, "आते मी बी अभ्यासू." कमलने तो फोटो दोनदा मागून पाहिला. या वेळी तिचे हसणे मला चालले.

चौदाव्या दिवसाच्या शेवटच्या गोळीनंतर मी सवयीने पंधराव्या दिवशीही फोन केला. त्याने उचलला आणि म्हणाला, "आते काय लिऊ? संपन्यात." मी म्हणालो, काही नाही, सहज. तो म्हणाला, "मंग सहज बोल." मला सहज बोलता आले नाही. हवा कशी आहे ते विचारले.

निकाल

माझी तपासणी आधी व्हायची होती. यंत्र बिघडले म्हणून ती लांबत गेली. शेवटी आम्हा दोघांची तपासणी एकाच आठवड्यात आली. त्याची सोमवारी धुळ्याला, माझी गुरुवारी जळगावला.

सोमवारी त्याचा जंतू गेल्याचे कळले. मी त्याचे अभिनंदन केले आणि ते तीन दिवस कोणाशी धड बोललो नाही. औषध एकच, दिवस तितकेच, तरी पहिला तोच सुटला. औषध मनातला हा भाग बरा करत नाही, हे या आजारातून जाणाऱ्यांनी गृहीत धरावे. गुरुवारी डॉक्टरांनी माझा कागद वाचला आणि माझ्याकडे वळवून ठेवला. त्यांनी ज्या ओळीवर बोट ठेवले, ती मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. जंतू नव्हता.

"या वेळी दगड खरा दाखवलात," असे त्या म्हणाल्या नाहीत. ते मीच मनात म्हटले. त्या म्हणाल्या, "काका, आता दुधाचा चहा घ्या." कमल तेथेच रडली. मी खिडकीबाहेर पाहिले.

आता मला लोक विचारतात की दोन्ही संच घेतलेला माणूस म्हणून माझ्या मते कोणता चांगला. रमणला विचारले तर तोही सांगेल. आम्ही दोघांनी दोन्ही घेतले आणि एकदा दोन्ही वाया घालवले. संचाची परीक्षा आम्हाला करता येत नाही, कारण पहिल्या वेळी आम्ही कोणत्याच संचाला पूर्ण संधी दिली नव्हती. एवढे सांगू शकतो की गोळ्यांच्या पुडक्यावर ज्याचे नाव आहे त्यानेच त्या घ्याव्यात, शेवटच्या दिवसापर्यंत घ्याव्यात, आणि डॉक्टरांनी विचारले तर आकडा सांगून गप्प बसू नये.

अखाजी

या अखाजीला आम्ही धुळ्याला गेलो. सरलाने अंगणात चूल मांडून खापर तापवले होते. आई गेल्यानंतर आमच्या घरात खापरावरचे मांडे इतके पातळ कोणाला जमत नाहीत, सरलाला जमतात. ती दोन्ही हातांवर मांडा झुलवत मोठा करत होती आणि आमरसाचे पातेले कमलच्या हाती होते.

आम्ही दोघे भाऊ शेजारी बसलो. दोन ताटे होती.

पहिला मांडा उतरला. सरलाने त्यावर तूप सोडले आणि तो माझ्या पानात वाढला. तिला कोणी सांगितले होते का, हे मी विचारले नाही. रमण आमरसात बोट बुडवून दुसरीकडे पाहत होता.

तूप खरोखरच जास्त होते.

थोड्या वेळाने तो वळला. "नाना, अर्धा दे ना."

मी दिला नाही. पूर्ण खाल्ला.